माहिती मिळाली नाही

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत बाबा बारा वर्षं लिहीत होते. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाल्यावर लोक गच्चीत कुंड्या लावतात, बाबांनी फॉर्म छापले. आमचं आडनाव लावणाऱ्या प्रत्येकाला एक फॉर्म. भरून आला की त्यावर क्रमांक पडायचा आणि पाठवणाऱ्याला बाबांच्या अक्षरातलं पोचेचं कार्ड जायचं. आला नाही तर बाबा स्वतः एसटीने जायचे. दापोली-गुहागरकडची गावं त्यांनी पालथी घातली, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्या पुढ्यात घेऊन तीन दिवस बसले. आई म्हणायची, "घरातल्या जिवंत माणसांशी बोलायला सवड नाही, आणि मेलेल्यांची चौकशी करत गावं हिंडतायत."

मग त्यांची नजर गेली. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. वाचन बंद झालं. मी एकुलती एक, आणि कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होते. काँक्रीटला तडे कसे जातात हा माझा विषय. सुट्टी संपवून परत निघाले तेव्हा बाबांनी माझ्या बॅगेत चकल्यांच्या डब्याशेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवला. "आता तू पुरं कर," म्हणाले, आणि लगेच बॅगेचं वजन किती भरतंय ते विचारलं. मला नाही म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

संस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिनी मुलगी बसायची. एकदा मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, उकडलेल्या बटाट्यांसमोर बसून मी तिच्याजवळ मनसोक्त कुरकुर केली. माझा प्रबंध अर्धा राहिलाय, आणि बापाने कोण कुणाचा पणजोबा हे माझ्या गळ्यात बांधलंय. ती हसायला लागली. म्हणाली, "आमच्याकडे एकाचं असंच झालं होतं. पण त्याचा बाप बॅगेचं वजन विचारत बसला नव्हता."

तिने सांगितलेली गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी. त्या माणसाचे वडील राजदरबारी ग्रहताऱ्यांच्या आणि घडामोडींच्या नोंदी ठेवायचे. सगळ्या देशाचा इतिहास लिहायचं त्यांच्या मनात होतं. मुलगा विशीत असताना देशभर हिंडला. नद्या पाहिल्या, जुन्या राजांची स्मारकं पाहिली, रणांगणं पाहिली, आणि जिथे जाईल तिथल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटला, की इथे खरं काय झालं होतं. पुढे राजाने एका पवित्र डोंगरावर मोठा विधी केला. सगळा दरबार गेला आणि त्याचे वडील मागेच राहिले. त्या दुःखाने ते अंथरुणाला खिळले. मुलगा दूरच्या कामगिरीवरून परतला तो थेट त्यांच्या उशाशी. त्यांनी त्याचा हात धरला, रडले, आणि माझं राहिलेलं तू लिही म्हणाले. पुढे हरलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून राजाची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. तेव्हा मरण पत्करून मोकळं होण्याऐवजी त्याने खच्चीकरणाची शिक्षा सोसली, कारण पुस्तक पुरं व्हायचं होतं.

मी नंतर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं, अगदी प्रबंध बाजूला ठेवून. मला वाटतं, बापाने त्याला काम दिलं, पण शंका घ्यायला त्याला रस्त्यांनी शिकवलं. घरात बसून वडिलांच्या नोंदी उतरवून काढल्या असत्या तर तो चांगला कारकून झाला असता. ज्याने गावोगावच्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहिली आहेत, त्याला नुसत्या कागदावर विश्वास ठेवणं जड जातं. हे मी मोठ्या तोऱ्यात माझ्या मैत्रिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग तू कुठे कुठे जाऊन आलीस?"

कुठेच नाही. मी खोलीत बसून बाबांचं टाइप केलेलं तपासत होते, वेलांट्या सुधारत होते. त्या रात्रीही तेच करायला बसले आणि एका नोंदीशी अडले. बाबांचे चुलतभाऊ, रसायनशास्त्रज्ञ, पन्नास वर्षांपासून जर्मनीत, गाव लुडविग्सहाफेन. म्हणजे माझ्यापासून ट्रेनने तासाभराच्या आत. पुढे बाबांनी लिहिलं होतं: माहिती मिळाली नाही.

जो माणूस एका पणजोबासाठी तीन दिवस त्र्यंबकेश्वरला बसला, त्याला सख्ख्या चुलतभावाची माहिती मिळत नाही? या काकांचं आमच्या घरात कुणी नाव काढत नसे, एवढं मला ठाऊक होतं. त्यांची आई, म्हणजे माझी चुलत आजी, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. शेवटची सहा वर्षं बाबांनी तिचं सगळं केलं. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर. मी तेव्हा शाळेत होते, क्लासच्या गडबडीत असायचे, आजीकडे क्वचित जायचे. मुलगा आला नाही. अग्नी बाबांनीच दिला.

मी काकांचा नंबर शोधून फोन केला आणि शनिवारी लुडविग्सहाफेनला गेले. काकांनी स्टेशनवर येऊन मला ओळखलं, कारण तिथे साडेपाच फूट उंचीची मराठी नाकाची दुसरी मुलगी नव्हती, असं तेच म्हणाले. पंचाहत्तरीचे, ताठ, आणि मराठी पन्नास वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. घरी काकूंनी आलुबुखाराचा केक कापला. त्या जर्मन; मराठीतलं "बस" आणि "खा" एवढंच त्यांना येत होतं, पण ते अगदी सासूच्या सुरात. मी कोरा फॉर्म पुढे केला.

काकांनी तो पाहिला आणि उठून कपाटातून फाइल आणली. "आल्झो, म्हणजे असं, हा मी दहा वर्षांपूर्वीच भरून पाठवला होता. ही त्याची कॉपी. आणि हे बघ." ते पोचेचं कार्ड होतं. आपला फॉर्म मिळाला, आभारी आहे. बाबांचं सुबक अक्षर, क्रमांकासकट.

मला लाज वाटली आणि पाठोपाठ बाबांचा संताप आला. माझ्या प्रयोगात एखादा आकडा नकोसा आला म्हणून मी तो गाळला तर मला संस्थेतून हाकलतील. इथे तर माणूसच गाळला होता.

"तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"कोणत्या तोंडाने विचारू?" काका म्हणाले. "मला रजा मिळत होती गं. मी गेलो नाही. आईला काही आठवेनासं झालंय असं कळलं, आणि मी घाबरलो. दार उघडेन आणि ती विचारेल, आपण कोण? त्यापेक्षा न गेलेलं बरं. त्याने मला गाळलं ते बरोबरच आहे. तू नको त्यात पडू."

रविवारी सकाळी मी भांडायच्या तयारीने बाबांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. वर त्या चिनी इतिहासकाराचीही गोष्ट ऐकवली. ज्या राजाने त्याचं वाटोळं केलं, त्याच्याबद्दलही त्याने पुस्तकात लिहिलं, आणि तुम्हाला एक चुलतभाऊ लिहवत नाही? बारा वर्षांच्या कामात तुम्ही एकच खोटं लिहिलंत, आणि ते माझ्या हातून छापून घेणार होतात?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तो आला नाही याचा राग नाही मला," ते म्हणाले. "परदेशातला माणूस, नाही जमत. पण काकू, त्याची आई, मला त्याच्याच नावाने हाक मारायची. सहा वर्षं. आंघोळ मी घालायचो, भात मी भरवायचो, आणि ती म्हणायची, आलास का रे, आणि नाव त्याचं. पहिल्यांदा मी सांगायचो, काकू, मी तो नाही. मग ती रडायची. मग मी ओ द्यायला लागलो. त्याचा फॉर्म आला, त्याची नोंद लिहायला घेतली, आणि नावापुढे हात चालेना."

मला रडू आलं.

"त्याची नोंद घाल," बाबा म्हणाले. "पूर्ण घाल. हे मात्र पुस्तकात नको. हे त्याला सांग. जाऊन सांग, फोनवर नको."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा ट्रेन पकडली. काकूंनी केक पुढे केला, तो मी बाजूला सारला आणि आधी ते सांगून टाकलं. आजीला सगळ्याचा विसर पडला होता, तुमच्या नावाचा नाही. बाबांनाही ती त्याच नावाने हाक मारायची.

काका खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं; त्यांना शब्द कळले नव्हते. काकांनी विचारलं, "आणि तो काय करायचा?"

"ओ द्यायचे."

ते परत येऊन टेबलाशी बसले. चष्मा पुसला, आणि आईची नोंद दाखव म्हणाले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नाव, माहेर, विवाह, मृत्यू, आणि शेवटी 'पुत्र: एक'. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही नोंद चूक आहे. दोन कर."

मी दोन केले. खोलीवर परतल्यावर ती नोंद बाबांना फोनवर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. बारा वर्षांत त्यांनी कुणाचा एक काना चुकलेला सोडला नव्हता. या ओळीवर मात्र ते फक्त पुढची नोंद वाच म्हणाले.