उत्तरेचं दार

आमच्या देवळाचा इतिहास मी लिहिला, याचं आजही कुणी कौतुक केलं की माझं तोंड कडू होतं. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही कॅथलिक लोक देऊळच म्हणायचो.

बाहत्तरच्या दुष्काळात परदेशातले पाहुणे देऊळ बघायला येणार होते. मी मिशनच्या शाळेत नवा मास्तर. फादर म्हणाले, "माहिती लिहा, सणाच्या प्रार्थनेला, मिस्सेला, वाचू." आईला सांगितलं तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "आपलं दार लिव त्यात. इसरू नगं."

देऊळ काळ्या घडीव दगडाचं. पश्चिमेला उंच कमान, आत दोन्ही बाजूंना खांब, आणि उत्तरेच्या भिंतीत वाकून जावं लागेल एवढं दार. गावाबाहेरचे दोन वाडे ख्रिस्ती झाले होते. गाव दोघांनाही शिवत नसे, पण वरचा वाडा आम्हा खालच्या वाड्याला शिवत नसे. म्हणून कमान त्यांची आणि ते बुटकं दार आमचं. माझ्या आजोबांनी कमानीचे दगड डोक्यावर वाहिले आणि स्वतःच्या बाप्तिस्म्याला मात्र वाकून आत गेले. मी हे सगळं वळणदार अक्षरात लिहिलं.

फादरांनी वाचलं आणि देवळाच्या पंचांना बोलावलं. सगळे वरच्या वाड्यातले. "आता कुठं कुणाला अडवतो आपण? घरातलं चव्हाट्यावर कशाला?" एक जण म्हणाला. फादर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, तुम्हाला शाळेत अजून कायम करायचंय ना?" मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. त्याचीच लाज अजून वाटते. त्यांच्याच टेबलावर मी त्या ओळी खोडल्या आणि लिहिलं, 'उत्तरेचे लहान दार वारा खेळता राहावा म्हणून ठेवले आहे.'

सणाला ते मीच वाचलं, वेदीशेजारी उभं राहून. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मनाई केव्हाच संपली होती, तरी आमच्या वाड्यातल्या बायका त्याच दारानं येऊन त्या भिंतीशी बसायच्या. आईही तिथंच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी तिनं रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी वाढली. मी पहिला घास मोडला तेव्हा म्हणाली, "वाऱ्यासाठी दार ठिवलं म्हनलास. मंग त्यातनं वाकून गेला तो तुजा आजा कोन हुता रं मास्तर? वारा?"