मला पेलेल ती करवत

मे महिन्याच्या वादळात आमच्या बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवरची बाभूळ पडली, आणि पडताना तिने जागा नेमकी निवडली. वावरात ट्रॅक्टर जायला एकच वाट, तिच्यावर ती आडवी झोपली. बुंधा असा की मिठी मारली तर पलीकडे हाताला हात जेमतेम भेटावा, आणि काटे असे की मिठी मारायची इच्छाच होऊ नये. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. ट्रॅक्टर आत गेला नाही तर धानाच्या बांध्या नांगरल्यावाचून तशाच राहणार होत्या. माझ्याच नाही, त्याच वाटेने पलीकडच्या शेतात जाणाऱ्या दादांच्याही.

दादा म्हणजे शेजारच्या बंगाली वस्तीतले सत्तरीचे शेतकरी. मुलचेरा तालुक्यातच जन्म गेला, तरी त्यांची मराठी अजून हिंदीत बोलते. त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाले, "दो आदमी, दो कुल्हाड़ी, दो दिन. हो जाएगा."

मी हसलो. मी तीस वर्षं ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर काढलेली. निवृत्त होऊन वडिलांच्या शेतीवर आलो तेव्हापासून गावाला एकदा तरी दाखवून द्यायचं होतं की हा माणूस नुसता कंपनीच्या बसमध्ये बसून झोपत नव्हता. "दादा," मी म्हणालो, "आता मशीनचा जमाना आहे."

त्या एका वाक्याने दोन दिवसांचं काम अठरा दिवसांवर गेलं.

विजेची करवत आधीच बाद झाली. तीस वर्षं मी राज्याला वीज पुरवली, पण आमच्या वावरात ती कधी येईल हे मला कोणी सांगू शकत नव्हतं. मग मोबाइलवर शोधून पेट्रोलवर चालणारी एक मागवली. चित्रात एक गोरा माणूस ती एका हातात धरून हसत होता. डिलिव्हरीवाले आमच्या गावापर्यंत येत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी मुलचेऱ्याला जाऊन खोकं आणलं. आत मराठी माहितीपत्रक होतं, हे बघून ऊर भरून आला. ते वाचल्यावर ऊर रिकामा झाला. करवतीच्या ज्या लांब पट्टीवरून साखळी फिरते तिला बार म्हणतात. भाषांतर करणाऱ्या यंत्राने तिचं 'मार्गदर्शक मद्यालय' केलं होतं. 'साखळी मद्यालयावर नीट बसवा.' दारूबंदीच्या जिल्ह्यात मद्यालय घरपोच मिळवणारा मी बहुधा पहिलाच. बायकोने ते पान हसत हसत सगळ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवलं.

झाड माझ्याच पाळीवरचं आणि आपोआप पडलेलं, तरी वनखात्याच्या नाक्यावर आधी सांगून आलो. आमच्याकडे करवतीचा आवाज निघाला की जंगलाचे कान उभे राहतात. मग सकाळी दादांच्या, बायकोच्या आणि चार रिकाम्या माणसांच्या साक्षीने करवत सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. माझा खांदा उतरायच्या बेताला आला तेव्हा ती एकदम खाकरली आणि सुरू झाली. बुंध्यात चार बोटं शिरली, पट्टीतून निळा धूर निघाला आणि करवत जागच्या जागी अडकून बसली. साखळीपर्यंत तेल पोचतच नव्हतं. ती पुढे जाईना, मागे येईना. शेवटी दादांनी कुऱ्हाड उचलली आणि अर्धा तास झटून माझी मशीन बाभळीतून सोडवली.

"मशीन निकालने के वास्ते भी," ते घाम पुसत म्हणाले, "कुल्हाड़ी अच्छा है."

संध्याकाळी बायको म्हणाली, "तुमी टर्बाइन चालवलं, मले माहीत आहे. पण लाकूड कोणी कापलं? माह्या मामानं. त्याले काऊन नाई विचारत?"

तिचे मामा म्हणजे चंद्रपुरात आरा मशीनवर चाळीस वर्षं काम केलेला माणूस. डाव्या हाताला तीनच बोटं. ती नसलेली दोन बोटं बघूनच मी त्यांना विचारायचं टाळत होतो. ज्याची बोटं करवतीने नेली त्याचा करवतीबद्दलचा सल्ला कशाला घ्या, असा माझा तांत्रिक विचार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो आणि मामाजींना घेऊन बाजारात शिरलो. पहिल्या दुकानात मालकाने पाच करवती मांडल्या. मामाजींनी एकाही करवतीकडे पाहिलं नाही.

"याची साखळी दाखव," ते म्हणाले.

"लावलेलीच आहे ना, भाऊ."

"ते दिसून राह्यली मले. दुसरी दाखव. तुटल्यावर लावाची ते. अन् स्टार्टरची दोरी. अन् फिल्टर."

मालक म्हणाला, मागवावं लागेल, नागपूरहून येते. मामाजी पायऱ्या उतरले. दुसऱ्या दुकानातही तेच झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जवाईबापू, मशीन सारेच विकतेत. बिघडल्यावर कोण उभं राह्यते ते पाहा."

तिसरं दुकान गल्लीत होतं. गल्ल्यावर एक पन्नाशीची बाई, तिच्या हाताला काळं ग्रीस आणि समोर उघडी पडलेली करवत. भिंतीवर साखळ्या बांगड्यांसारख्या टांगलेल्या. मामाजींनी फिल्टर मागितला. तिने मान वर न करता मागच्या खणातून काढून दिला. मामाजी स्टुलावर बसले. म्हणजे दुकान पसंत पडलं.

बाईने मला विचारलं, "कापाचं काय आहे?"

मी दचकलो. आतापर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही. सांगितलं: ही एक बाभूळ, मग धुऱ्यावरची सुबाभूळ, चुलीचं सरपण, पावसाळ्यात वाटेवर पडतील त्या फांद्या.

"रोज?"

"नाही. महिन्यातून चार-दोनदा."

"मंग हे घ्या," म्हणून तिने एक मध्यम करवत पुढे केली. सोळा इंचाची पट्टी. मला ती पोरखेळ वाटली. माझी नजर वरच्या फळीवर होती. तिथे बावीस इंची, लाल, दांडगी करवत बसलेली. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

बाई काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "घ्या. घ्या ना. पण माहा चहा होतवर हातात धरून उभे राहा. कमरेपाशी. बाहेर, उजेडात."

मी धरून उभा राहिलो. मामाजींनी चहा मागवला. चहा आला, तो गरम होता, त्यांनी फुंकर मारली. गल्लीतून जाणारे लोक थांबायला लागले. एकाने विचारलं, कोणतं झाड तोडून राह्यले इथी? एका आजीबाईंनी नातीला माझ्यापासून लांब ओढलं. माझे दंड थरथरू लागले, मग कंबर. मामाजी बशीत चहा ओतून निवांत पीत होते. अर्धी बशी शिल्लक असताना मी करवत खाली ठेवली.

"मशीन बंद होती," मामाजी म्हणाले. "अन् पायाखाली काटे नव्हते."

सोळा इंची घेतली. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापायचा, बाईने समजावलं. साखळी कशी ताणायची, किती ढिली ठेवायची, कानसेने दात कसे घासायचे, पट्टीचं टोक लाकडाला लागलं की करवत उसळून तोंडाकडे कशी येते, सगळं. मी मान हलवत होतो. बायको मात्र मधे मधे प्रश्न विचारत होती आणि तिने चार वेळा स्वतः दोरी ओढून पाहिली. हेल्मेट आणि हातमोजे बाईने न विचारताच पिशवीत टाकले.

परतताना मी धीर करून विचारलं, "मामाजी, ही बोटं... आऱ्यावर?"

"हे?" त्यांनी हात वर केला. "भाच्याच्या लग्नात. रसाचं गुऱ्हाळ लावलं होतं. ऊस घालता घालता एका पाहुण्याले राम राम करत होतो."

मला हसू आवरेना. तेही हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "चाळीस वरसं आऱ्यावर होतो, एक नख नाई गेलं. रोज सकाळी भेव वाटे मले. रसाच्या मशीनचं भेव नाई वाटलं."

टर्बाइनच्या शेजारी उभं राहून मलाही सुरुवातीला रोज भीती वाटायची. नंतर वाटेनाशी झाली, आणि त्यालाच मी अनुभव समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीवर पहिला हात मीच चालवला. दोन फांद्या झाल्या. तिसरीला पट्टीचं टोक कुठे तरी लागलं आणि करवत हातात उसळली. काही झालं नाही. मी मशीन बंद करून पाळीवर बसलो. दादांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि ते दुसरीकडे बघत राहिले, हे त्यांचे उपकार.

बायकोने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिली, एका झटक्यात दोरी ओढली. घाई नाही, जोर नाही, करवतीला आपल्या वजनाने उतरू दिलं. बुंध्याच्या एका बाजूने गेली, मग दुसऱ्या बाजूने. भुसा तिच्या साडीवर पिवळा उडत होता. दादा मागून कुऱ्हाडीने काटेरी फांद्या साफ करत होते, आणि मी ओंडके ढकलत होतो. दुपारच्या जेवणापर्यंत वाट मोकळी झाली. चौथ्या दिवशी पाऊस आला, तोवर दोन्ही शेतांत ट्रॅक्टर फिरून गेला होता.

आता गावात कुठे झाड पडलं की लोक दारात येतात आणि मला ओलांडून विचारतात, "बाई आहेत का घरी?" ती असते. करवत कागदावर माझ्या नावाची आहे. माझ्याकडे साखळीला धार लावायचं काम आहे, आणि ते मी खरंच बरं करतो. ओसरीवर बसून एकेक दात कानसेने घासतो, तिने अंगठा फिरवून पाहिला आणि "चालते" म्हटलं की माझा दिवस चांगला जातो. कधी तिच्याबरोबर जातो. ती मशीन सुरू करायच्या आधी एकदा वर झाडाकडे बघते, एकदा माझ्याकडे, आणि ओरडते, "तुमी तिकडे सरका बरं!"

मी सरकतो.