नदीची ओटी

पाण्यावर उतरणाऱ्या विमानात बसायच्या आधी छायाताईला बॅगेसकट काट्यावर उभं केलं, तेव्हाच तिने नवऱ्याची बाही धरली. माणसं तोलून घेतात म्हणजे विमान ते केवढं! आत पायलट धरून चार सीटा.

"अहो, नको ना जायला."

"तू थांब. आपल्या नंदनने माझ्या पासष्टीचं गिफ्ट दिलंय, मी जाणार," बळवंतभाऊजी म्हणाले. "पण मग नदीची ओटी कोण भरणार? ही पायलट?"

भाऊजी तसेच. कॅनडात आल्यापासून वॉनच्या वेअरहाऊसमध्ये सत्तावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवला, कधी आवाज चढवला नाही. पण मूळचे वाईचे, कृष्णेत पोहून वाढलेले. नवी नदी दिसली की हायवेवर गाडी बाजूला घ्यायचे, ताईला ओटी भरायला खाली उतरवायचे.

दीड तास ताईने डोळे घट्ट मिटलेले. खाली नुसतं जंगल, रस्ता नाही, घर नाही, हे भाऊजीच ओरडून सांगत होते. विमान नदीवर टेकलं आणि ताई आधी रडली, मग हसली. वाचलो बाई! तिला वाटलं, भीती संपली.

पायलट पोरगी म्हणाली, पाण्यात उतरू नका, बर्फासारखं आहे. ताईने काठावरूनच हळदकुंकू, तांदूळ, खण वाहिला, नारळ सोडला. नारळ चार हात गेला आणि दोन दगडांत अडकला.

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? नदीने ओटी घेतली नाही असं होतं ते. आत्ता ढकलून येतो. वाईचा आहे मी!"

बूट काढले, पॅंट दुमडली, गेले. पायाने नारळ ढकलला. "गेला बघ," म्हणून वळले आणि पाय सरकला. पोहणारा माणूस, पण गारठ्याने हातच हलेनात. तोंड उघडं, आवाज नाही. ताई काठाने ठेचकाळत धावत होती, "अहो, अहो" एवढंच ओरडत होती. वळणावर पायलटने त्यांना ओढून काढलं, अर्धा तास छाती दाबली. डॉक्टर दीड तास लांब, तेही विमानाने.

त्याच विमानातून ताई त्यांना घेऊन आली. ब्लँकेटबाहेर आलेलं पाऊल तिने दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.

अकराव्या दिवशी नंदन मिसिसागातल्या नदीवर अस्थी सोडायला गेला. ताई गाडीतून उतरली नाही. काचा वर करून बसली. सहा वर्षांची नात, जाई, पळत आली. बुटांतून पाणी गळत होतं.

"आजी, इट्स ओन्ली धिस डीप!"

ताईने तिला आत ओढलं, बूट-मोजे काढले आणि ओढणीने पावलं पुसायला लागली. पावलं लाल झाली.

"आजी, दे आर ड्राय! स्टॉप!"

ताई पुसतच राहिली.