चाळिसावा फॉर्म

धोंडीराम गांगुर्डे यांनी उभ्या आयुष्यात एकही फॉर्म चुकीचा भरला नाही, असं ते स्वतःच सांगत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. सरकारी कचेरीत तीस वर्षं आकडेमोड, तीन जनगणना, आणि आता इंदिरानगरात निवृत्ती. २००१ साली रेकी केंद्राच्या छाया मॅडम त्यांचं दार ठोठावायला आल्या, त्या याच ख्यातीमुळे.

मॅडम दुखऱ्या जागी हात ठेवून रोग्याला शक्ती देत. धोंडीरामांचा त्या विद्येवर काडीचा विश्वास नव्हता, पण बाई सरळ होत्या. "काका, पुण्याच्या संमेलनात निबंध वाचायचाय. चाळीस जणांना खरंच काय गुण आला, हे कुणीतरी तटस्थ माणसानं विचारायला हवं," त्या म्हणाल्या. तटस्थ म्हटल्यावर काका विरघळले.

फॉर्मवर फरक दहापैकी लिहायचा होता आणि लोक बोलत आण्यांत. "बारा आणे बरं हाय बघा." धोंडीरामांनी आण्यांचे गुण करायचा तक्ताच बनवला. सोळा आणे मात्र कुणी म्हणेना, दृष्ट लागायची भीती. एसटीनं सिन्नरपर्यंत फिरून त्यांनी एकोणचाळीस फॉर्म भरले. चाळिसावा घरचाच. त्यांच्या बायकोचा, शकुबाईंचा. गुडघ्यासाठी त्या आठ महिने मॅडमकडे जात होत्या. तो फॉर्म धोंडीरामांनी बसल्या जागी भरून टाकला. घरच्या माणसाला काय विचारायचं?

सहीसाठी फॉर्म पुढे केला तेव्हा शकुबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"हे कुनी सांगितलं?"

"मला ठाऊक नाही का?"

"उजवा गुडघा लिहिलाय. माझा डावा दुखतो. सहा वर्षं झाली."

धोंडीरामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी सगळा गठ्ठा पुढे ओढला. जनगणनेत कुटुंबप्रमुख उंबऱ्यात उभा राहून अख्ख्या घराची माहिती सांगतो. ती सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की याही वेळी त्यांनी दार उघडणाऱ्या पुरुषालाच विचारलं होतं. सव्वीस फॉर्म बायकांचे, आणि सांगणारा नवरा नाहीतर मुलगा. सिन्नरच्या चिमणाबाईंचे चौदा आणे मुलानं सांगून टाकले, तेव्हा त्या आत भाकरी थापत होत्या.

संमेलन आठ दिवसांवर आलेलं. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ज्याची सगळी ऐट फॉर्मवर, त्याला ते कसं पचावं? सकाळीच त्यांनी गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"यातले सव्वीस खोटे आहेत. आणि ते मी लिहिलेत."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा विचारलं आणि गुण कमी निघाला तर?"

"तर कमी लिहायचा."

त्यांनी गठ्ठा उचलून काकांच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "जा काका. खरं असेल ते आणा." धोंडीरामांना त्या क्षणी या बाईबद्दल मनापासून आदर वाटला.

सिन्नरला त्यांनी मुलाला अंगणात बसवलं आणि चिमणाबाईंना विचारलं. म्हातारी आधी पदर तोंडाला लावून हसली. "गुडघा हाय तसाच. लय तर दोन आणे. पन मॅडम हात ठेवत्यात ना, तवा झोप लागती. न्हाय तर मला हात लावतंय कोन?" पुढच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच निघालं. दुखणं जरासं हललेलं, झोप मात्र परतलेली. मॅडमच्या निबंधातला गुण निम्मा झाला, पण त्यांनी एक आकडा बदलला नाही.

चाळिसावा फॉर्म सगळ्यांत शेवटी. धोंडीराम पेन घेऊन शकुबाईंसमोर बसले. त्या चहा ठेवायला उठू लागल्या.

"चहा राहू दे. बस. कुठं दुखतं, कधीपासून, सगळं सांग."

शकुबाई आधी बिचकल्या, मग सांगू लागल्या. जिना, ओली फरशी, भाजीची पिशवी, नणंदेच्या मुलीच्या लग्नात दिवसभर उभं राहणं. फॉर्म पुरेना, मागं कोरे कागद जोडावे लागले. धोंडीरामांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"एकूण फरक किती आणे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मॅडमच्या हातानं चार." शकुबाई म्हणाल्या. "आन् दोन आजचे लिहा. तुम्ही विचारलंत त्याचे."

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. धोंडीरामांनी पट्टी घेतली आणि एक नवा आखला.