गाण्याच्या बाई आणि आम्ही कबड्डीवाले

आमच्या गाण्याच्या बाई कुणालाही ‘बेसूर’ म्हणायच्या नाहीत. फार तर पेटी थांबवायच्या आणि म्हणायच्या, "वाट चुकलास रे. ये परत."

कळव्याच्या आमच्या शाळेत गाणं हे मुलींचं काम, असा मुलांचा पक्का समज होता. संगीताच्या तासाला आम्ही मागच्या बाकांवर बसून नुसते ओठ हलवायचो. बाई कधी रागावल्या नाहीत. एकदा मात्र त्या थेट मैदानावर आल्या. डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात त्यांनी आमची अख्खी कबड्डी पाहिली आणि मला म्हणाल्या, "एका दमात केवढं बोलतोस रे! माझ्या मुलींनाही एवढा दम नाही. उद्या पुढे बस." दुसऱ्या दिवशी माझ्या मागोमाग सगळा संघच पुढे येऊन बसला.

नववीत माझा आवाज फुटला. स्नेहसंमेलनात एक ओळ मी एकट्याने म्हणायची होती. वरच्या सुरावर आवाज चिरकला आणि सभागृह खदखदून हसलं. मी विंगेकडे वळलो, तोच बाईंनी माईक ओढला. "माफ करा, पट्टी माझी चुकली. ही मुलं आता मोठी झालीत, हे माझ्याच लक्षात आलं नाही." त्यांनी खालची पट्टी धरली आणि मला मानेने खूण केली. ती ओळ मी पुन्हा म्हटली. या वेळी शेवटपर्यंत.

मी काही गायक झालो नाही. दिवा स्टेशनजवळ राहतो, एसी दुरुस्त करतो. निवृत्तीनंतर बाई डोंबिवलीत रविवारी सकाळी वयस्कर पुरुषांना गाणं शिकवतात, असं कळलं तेव्हा मी बाबांना घेऊन गेलो. आई गेल्यापासून ते जेवणापुरतंच बोलायचे.

"मी आयुष्यात गायलेलो नाही, बाई," बाबा दारातच म्हणाले.

"इथं कुणीच गायलेलं नाही. बसा."

पहिले तीन रविवार बाबा नुसते बसून आले. बाईंनी त्यांना एकदाही ‘म्हणा’ म्हटलं नाही. चौथ्या रविवारी मी खालून हाक मारली, तर ते म्हणाले, "थांब रे, अजून एक कडवं राहिलंय."

परवा बाथरूममधून गुणगुणणं ऐकू आलं. मला कामावर जायला उशीर होत होता. हात दाराकडे गेला, पण कडी वाजवली नाही.