पाण्याखालची बांधी

कोंढ्याच्या अलीकडे आमचं पुनर्वसनाचं गाव आहे. तिथं मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो, त्यामुळे कुणाच्या सातबाऱ्यावर किती जमीन आहे ते मला तोंडपाठ. सेवकरामभाऊंची सर्वांत कमी. दीड एकर गोसीखुर्द धरणात गेलं. संपादनातून सुटलेली अर्ध्या एकराची एक बांधी, म्हणजे चहूबाजूंनी धुऱ्यांचे बांध घातलेलं धानाचं शेत, तेवढी नावावर राहिली. कागदावर राहिली म्हणा, कारण तीन वर्षांपासून तीही पाण्यातच आहे.

धानाच्या बोनससाठी मोबाईलवर पीक नोंदवावं लागतं, तेही आपल्याच वावरात उभं राहून, फोटोसकट. अर्ध्या एकराचा बोनस तो कितीसा! भाऊंना त्याचं पडलंच नव्हतं. यंदाही नोंद झाली नाही तर बांधी पडीत लागेल आणि शेतकऱ्यांच्या यादीतून आपलं नाव जाईल, एवढंच ते सांगत होते. सांगताना चेहऱ्यावर काही नव्हतं. जुनं गाव सोडलं तेव्हापासून यांचा चेहरा असाच आहे, माणूस जेवला की उपाशी आहे तेही कळत नाही, असं त्यांच्या घरच्या बेबीबाई वहिनी म्हणतात.

मग गेल्या पावसाळ्यात मासे धरणाऱ्या मोतीलालच्या डोंग्यातून आम्ही तिघं गेलो. चहूकडे पाणी, आणि मोबाईल म्हणतो तुम्ही तुमच्याच गटात आहात. मी म्हटलं, धान दाबू का? भाऊंनी हात वर करून मला थांबवलं आणि मांडीखालची पिशवी काढली. आत घरचं बियाणं होतं.

"पेरल्याबिगर धान लिवनं खोटं होते," ते म्हणाले.

आमच्याकडे रोवणी जमली नाही तर आवत्या करतात, म्हणजे धान नुसतं फेकून पेरतात. भाऊंनी तसंच पेरलं, पण पाण्यावर. इथं धुरा आहे, वळव. इथं कोपरा आहे, थोडं मागं घे, असं मोतीलालला सांगत त्यांनी अख्खी बांधी पुरी केली. एक मूठही धुऱ्याबाहेर गेली नाही. यंदा बोनस मासोळ्यांनाच मिळते म्हणून मोतीलाल हसला, पण डोंगा सांगितलं तिथंच वळवत राहिला. मी 'धान' दाबलं आणि पाण्याचा फोटो काढला.

महिन्याभरानं तलाठी पडताळणीला आले. माणूस भला होता. काठावर उभं राहून त्यांनी फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला आणि यात पीक कुठं आहे, असं विचारलं.

भाऊ म्हणाले, "पेरनं माह्या हाती होतं साहेब, मी पेरलो. उगवनं धरनाच्या हाती हाय."

तलाठ्यांनी मान खाली घालून 'पडीत' लिहिलं. दुसरं ते तरी काय लिहिणार? मला मात्र सगळ्यांचाच राग आला, माझ्या मोबाईलचासुद्धा. भाऊंना आला नाही. ते घरी जाऊन झोपले.

मला वाटलं, विषय संपला. पण या मृगात भाऊ पुन्हा माझ्या दुकानावरून धरणाच्या पाण्याकडे निघाले. काखेत तीच पिशवी होती. मी उठून मोबाईल घेतला.

"तो राहू दे," ते म्हणाले. "त्यायचं लिवून झालं. माह्यं पेरनं बाकी हाय."