दोरा बांधलेली स्टिक

"नको, ती तुझीच राहू दे. दुरुस्त केलीस तर कोणती कोणाची ते कळणार नाही."

डॉक्टरीणबाई हे अगदी सहज बोलल्या. मी खाली फरशीवर बसलो होतो. मांडीवर व्हिडिओ गेमची स्टिक उघडून ठेवलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. आतली एक पत्री, म्हणजे धातूची बारीक पट्टी, वाकली होती. त्यामुळे स्टिक डावीकडे ढकलली की पडद्यावरचा माझा खेळाडू पहिल्यांदा ऐकायचाच नाही. दुसऱ्यांदा ढकलली की मग हलायचा. पाच मिनिटांचं काम. मी टीव्ही मेकॅनिक, बिघडलेलं नीट करणं हाच माझा धंदा. आणि बाई मला सांगत होत्या, ही बिघडलेलीच राहू दे.

एवढं बोलून त्यांनी शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला. मला स्टिक खाली ठेवायला लावली. मग वाकून तिच्या दांड्याला चार वेढे दिले, गाठ मारली आणि हात धुऊन आल्या.

"आता ओळखू येईल," म्हणाल्या.

"हो बाई," मी म्हणालो आणि स्क्रू परत बसवले. ते 'हो बाई' माझ्या तोंडून कसं निघालं, याचा राग मला अजून येतो. बाईंचा येतोच. माझा जास्त येतो.

घर धंतोलीतलं. खाली डॉक्टरांचा दवाखाना, वर बिऱ्हाड. मी तेव्हा बावीस वर्षांचा. आयटीआय करून सीताबर्डीच्या एका दुकानात टीव्ही दुरुस्तीला लागलो होतो. त्यांच्या रंगीत टीव्हीवर चित्र वर-वर सरकत होतं म्हणून मालकानं मला पाठवलं. टीव्ही झाला. मग त्यांचा मुलगा शिरीष एक खोकं घेऊन आला. काकानं परदेशातून आणलेला गेमचा सेट. जोडता येत नव्हता. मी जोडून दिला, चॅनेल लावून दिलं. चालतो का बघायला दोघं लागतात म्हणून त्यानं मला सोफ्यावर शेजारी बसवलं.

बास्केटबॉल. काड्यांची दोन माणसं, एक बॉल, दोन टोकांना दोन रिंगा. वर घड्याळ, चार मिनिटांचं. बटण दाबलं की माणूस हात वर करतो, सोडलं की बॉल सुटतो. खरं बास्केटबॉल मी जन्मात खेळलो नव्हतो. आमच्या शाळेत रिंगच नव्हती. पण पहिलाच बॉल रिंगेत गेला आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. वेड लागलं म्हणा.

शिरीष माझ्याच वयाचा. घरात त्याच्याशी खेळायला कोणी नव्हतं. त्यानं मालकाला फोन केला, "त्या पोराला दर रविवारी पाठवा." गिऱ्हाईक मोठं. मालक कशाला नाही म्हणेल?

निघताना बाईंनी विचारलं होतं, "राहतोस कुठे रे?"

"इंदोऱ्याला."

आडनाव विचारायची गरज पडली नाही. इंदोरा म्हणजे आमची, दीक्षा घेतलेल्यांची वस्ती; नागपुरात तेवढं पुरतं. पुढच्या रविवारी माझी जागा सोफ्यावरून फरशीवर आली. चहाचा कप वेगळा झाला. आणि सेटसोबत आलेल्या दोन स्टिकांपैकी जी बिघडलेली, ती माझी झाली. शिरीषचे मित्र आले तर एकाच स्टिकवर आळीपाळीनं खेळायचे, पण माझ्या स्टिकला हात लावायचे नाहीत.

तरी मी का जात होतो? मालकानं सांगितलं म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की मला खेळायचं होतं. खेळण्यासाठी मी फरशी गिळली, कप गिळला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

पहिले काही महिने हरलो. डावीकडे दोनदा ढकलावं लागायचं, तोवर शिरीष बॉल हिसकावून पळालेला असायचा. मग माझ्या लक्षात आलं, हलायला उशीर होणारच असेल तर ठरवायला आधी हवं. तो कुठं जाणार हे त्याच्या आधी मला कळायला हवं. मी पडद्याकडे बघणं कमी केलं. तो वर सोफ्यावर, मी खाली. त्याचा हात बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. बटण सोडायच्या आधी त्याचा अंगठा पांढरा पडायचा. डावीकडे वळायच्या आधी कोपर अंगाला चिकटायचं. फसवायचं असलं की श्वास धरायचा. त्यांनी मला खाली बसवलं आणि तिथून मला सगळं दिसू लागलं.

मी जिंकायला लागलो. म्हणजे जिंकणार असं दिसायला लागलो. शेवटचं अर्धं मिनिट उरलं आणि मी पुढे असलो, की शिरीषचा हात सेटच्या खटक्याकडे जायचा. खट. पडद्यावर शून्य-शून्य.

"अरे, अटकला वाटतं," म्हणायचा. दर वेळी. मी पुढे असताना त्या घरात चार मिनिटं एकदाही पूर्ण झाली नाहीत.

दोरा बांधला त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर जेवण जाईना. आईनं खोदून खोदून विचारलं. शेवटी सांगितलं. आई भाकरी थापत होती, थांबली.

"काहून गा बाबू, तुह्या हाताले काही रोग झाला हाय का?"

मी ताट बाजूला सरकवलं.

"दीक्षा घेतली तवा मी नवी नवरी होती. तवापासून वेगळ्या कपातलं पाणी मी कोणाच्या दारात पेली नाही. उपाशी राहिली, पण पेली नाही. अन् तू खेळाले वेगळा डंडा घेऊन राहिला? वरतून हो बाई म्हणून राहिला?"

ती रडली नाही, ओरडलीही नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ केली. मला त्या पाठीनं जाळलं. तिनं जे आयुष्यभर सांभाळलं होतं ते मी एका खेळण्यासाठी धंतोलीत टाकून आलो होतो.

जाणं सोडून देता आलं असतं. नाही सोडलं. सोडलं असतं तर शिरीषच्या हिशेबी मी कायम हरलेलाच राहिलो असतो. त्याच सुमारास सीताबर्डीच्या व्हिडिओ गेम पार्लरवर बोर्ड लागला होता, बास्केटबॉलची स्पर्धा, हाच खेळ. शिरीषनं नाव दिलं होतं. मी जाऊन माझं दिलं आणि त्याला सांगितलं नाही. नंतरचे रविवार मी त्या घरात खेळायला गेलो नाही, त्याला पाठ करायला गेलो. स्टिक तशीच वापरली. पत्री मला कधीही सरळ करता आली असती. पण तिच्यामुळे जी धार चढत होती ती मला हवी होती. त्यानं खटका दाबला की मी मान खाली घालायचो. तो खूश व्हायचा. होऊ दे म्हटलं.

स्पर्धेच्या दिवशी पार्लर गच्च भरलं होतं. शिरीष मित्रांना घेऊन आला होता. मला पाहून आधी त्याला वाटलं, मी टीव्ही जोडायला आलोय. यादीत नाव ऐकलं तेव्हा हसला.

"तू पण? तुझी स्टिक घरी राहिली ना रे. दोऱ्याची."

मित्र हसले. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणजे तो दोरा ही त्यांच्यात सांगायची गंमत होती. माझे कान तापले, पण हात थंड होते. मी ठरवलं, नुसतं जिंकायचं नाही. याची पार अब्रू काढायची.

तिसऱ्या फेरीत आमची गाठ पडली. दोन लोखंडी खुर्च्या, सारख्या उंचीच्या. दोन स्टिका, दोन्ही धड. मी डावीकडे ढकललं आणि माझा माणूस लगेच हलला. पहिल्या झटक्यात. इतके महिने पाय बांधून पळवलेल्याचे पाय कोणी सोडावेत तसं झालं. मग मी शिरीषला सोडला नाही. त्यानं हात वर करायच्या आत बॉल माझ्याकडे. त्याचं कोपर चिकटलं की मी आधीच तिथं. श्वास धरला की मी जागचा हलायचो नाही, आणि तो स्वतःच्याच फसवणुकीत फसायचा. दहा-दोन. अठरा-चार. मागचे लोक आधी ओरडत होते, मग नुसतं बघत राहिले.

अर्धं मिनिट उरलं. शिरीषचा हात सवयीनं उठला आणि सेटच्या खटक्याकडे गेला.

"ओ भाऊ," पार्लरचा मालक म्हणाला, "हात काढा तिथून. टाइम बाकी हाय."

भरल्या पार्लरमध्ये. त्याच्या मित्रांसमोर. शिरीषनं हात मागे घेतला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. मी शेवटच्या सेकंदापर्यंत बॉल टाकत राहिलो. थांबता आलं असतं, दया दाखवता आली असती. दाखवली नाही. सव्वीस-सहा. घड्याळ शून्यावर आलं आणि मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो बघेना. मी तो बघेपर्यंत थांबलो.

आठवड्याभरात दुकानात फोन आला, टीव्ही बिघडला म्हणून. मी गेलो. टीव्हीला काहीही झालेलं नव्हतं. समोर सोफ्याजवळ एक खुर्ची मांडलेली होती. नवी स्टिक, दोरा नसलेली. चहा चांगल्या कपात. शिरीष आत होता, दाराआडून त्याचे पाय दिसत होते.

"बस ना खुर्चीवर," बाई म्हणाल्या. "पुढच्या स्पर्धेला शिरीषची जरा तयारी करून घे. झालं गेलं विसरून जा."

म्हणजे शिकवायलाही मीच. खुर्ची दिली की माझं तोंड बंद होईल, असा त्यांचा अंदाज होता. मी बसलो नाही. चहाला हात लावला नाही.

"बाई, मी घरी खेळत नाही आता. त्याले पार्लरमध्ये पाठवा. सगळ्यांसमोर."

"अरे, एवढा कसला राग?"

"दोरा तुम्ही बांधला. राग किती धरायचा हे मी ठरवून राहिलो."

दुकानाच्या मालकानं मला खूप बोलून घेतलं. ते गिऱ्हाईक गेलं. पुढच्या स्पर्धेला मी नाव दिलं आणि पार्लरच्या मालकाला सांगितलं, समोर शिरीषचं लिहा. तो आला नाही. मी त्याचं नाव तीनदा पुकारायला लावलं. त्याच्या पुढच्या स्पर्धेलाही लावलं. दोन वर्षं होत आली. लोक म्हणतात, एकदा हरवलंस ना, सोड आता. मी सोडत नाही. मी रोज सराव करतो, आणि कोणत्याही स्पर्धेत नाव देताना त्याचंही नाव देतो. यायचं नसेल तर न येण्याची लाज त्यानं वागवावी. आला तर मी त्याला पुन्हा हरवीन, आणि पुन्हा दया करणार नाही.